पाटणचे बहाल पाहताना

काठमांडूजवळच्या पाटणचा, म्हणजे ललितपूरचा, दरबार चौक १९७९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. बरेच पर्यटक तेवढाच पाहून परततात. बौद्ध पाटण मात्र गल्ल्यांतल्या बहालांत आहे. बहाल म्हणजे मधल्या चौकाभोवती बांधलेला विहार. चौकात चैत्य, समोर बुद्धमूर्ती आणि अनेक ठिकाणी भोवती आजही राहती घरे. हिरण्यवर्ण महाविहार अवश्य पाहा. पण हेही समजून घ्या की, या विहारांच्या संघाचे सदस्यत्व शाक्य व वज्राचार्य कुळांत जन्माने मिळते. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेलेल्या बाबासाहेबांच्या धम्मात जन्माला स्थान नाही. म्हणून तरुण मित्रांनो, वारसा कसा जपावा हे तिथे शिका, आणि प्रश्नही विचारा.