पट, टप्पा आणि दाखला

शाळेच्या ऑफिसात बसणाऱ्या माणसाचं वर्ष ३० सप्टेंबरला ठरतं. त्या तारखेचा पट संच मान्यतेत जातो, संच मान्यतेवर शिक्षकांची पदं मंजूर होतात आणि पदांवर पगारबिल निघतं. जळगाव-धुळ्याकडच्या खासगी अनुदानित हायस्कुलांत लिपिक म्हणून माझी सगळी नोकरी गेली. सरकारने पैसा जिल्हा परिषदेच्या शाळांना द्यावा की संस्थांच्या, यावरची भाषणं मी पुष्कळ ऐकली. वादाची खरी गंमत मात्र भाषणं संपल्यावर कळते.

संस्थेच्या शाळेला सरकारने पैसा देणं आपल्याकडे नवं नाही. १८५४ च्या वूडच्या खलित्यापासून ती पद्धत आहे. साने गुरुजींनी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवलं, तीही संस्थेचीच शाळा. खानदेशात गावचं हायस्कूल म्हणजे बहुतेक वेळा इमारत संस्थेची आणि मास्तरांचा पगार सरकारचा. त्यामुळे 'सरकारी विरुद्ध खासगी' हे भांडण इथे एकाच तिजोरीवर अवलंबून असलेल्या दोघांचं असतं.

ते पेटतं मे महिन्यात. जिल्हा परिषदेची शाळा पूर्वी चौथीपर्यंत असायची, पुढे पोरं आपसूक हायस्कुलात यायची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पाचवी प्राथमिकला जोडली, तसे गावोगावच्या शाळांनी पाचवीचे वर्ग सुरू केले. आमची पाचवीची तुकडी तुटली की एक सर अतिरिक्त ठरणार आणि समायोजनात कुठल्या कुठे फेकले जाणार. मग ४४-४५ अंशांच्या उन्हात, डोक्याला रुमाल बांधून, सर मंडळी मोटरसायकलवर पोरं शोधायला निघत. वह्या, दप्तर, गाडीची सोय, सगळं पदरमोड करून. एका पालकाने ओट्यावरूनच भाव विचारला होता, "दुसरा शाळावाला सायकल दी ऱ्हायनात, तुम्ही काय देतस?"

एकदा एका गावात जिल्हा परिषदेच्या गुरुजींनी दाखले अडवले. "दाखल्याचं पुस्तक संपलंय. पंचायत समितीत मागणी टाकलीय. बघू." आमचे सर जुने खेळाडू. त्यांनी पिशवीतून कोरं दाखला-पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. गुरुजी हसले, चहा मागवला आणि हळूच म्हणाले, "सर, ही अकरा पोरं गेली तर माझा दुसरा शिक्षक जातो." सर म्हणाले, "नाही आली तर मी जातो." शेवटी सहा इकडे, पाच तिकडे असा तोडगा निघाला. त्या अकरांपैकी कोणाला वाचता येतं, हे दोघांपैकी कोणीच विचारलं नाही. मीही नाही. मला दाखल्यांचा आकडा हवा होता.

पटाला एवढं मोल आलं की पट तयार करणारेही निघतात. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर पटपडताळणी झाली. एकच पोरगं दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून पोरांच्या बोटांना मतदानाची शाई लावली. तपासणीच्या दिवशी एका शाळेतली पोरं टेम्पोत भरून दुसरीत नेण्याची रीत ज्यांना ठाऊक होती, त्यांचे टेम्पो त्या तीन दिवसांत जागचे हलले नाहीत. हजेरीपटावरची लाखो नावं प्रत्यक्षात सापडली नाहीत, आणि ती चोरी पकडली गेली हे बरंच झालं.

पण कापसाच्या पट्ट्यात ऑक्टोबर म्हणजे वेचणी. आमच्याकडची काही खरीखुरी पोरं त्या दिवशी आईबरोबर शेतात होती. एक शिपाई दोघांना सायकलवर डबलसीट घेऊन आला, तोवर पथकाने पंचनाम्यावर सह्या केल्या होत्या. केवळ कागदावर असलेलं पोरगं आणि कापूस वेचायला गेलेलं पोरगं, दोघांची नोंद एकच झाली, गैरहजर.

तिसरा किस्सा विनाअनुदानितचा. २००१ पासून नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' अशी परवानगी मिळू लागली. २००९ मध्ये त्यातला 'कायम' काढला आणि अनुदानाची आशा लागली. आधी मूल्यांकन, मग वीस-वीस टक्क्यांचे टप्पे. मूल्यांकनाच्या आदल्या रात्री एका शाळेत प्रयोगशाळेचं साहित्य टेम्पोने आलं. सकाळी अधिकारी कपाटापुढे उभे राहिले. दारावर पांढऱ्या रंगात भलत्याच विद्यालयाचं नाव. मुख्याध्यापक म्हणाले, "साहेब, देणगीत मिळालंय." साहेबांनी शांतपणे विचारलं, "परत कधी द्यायचंय?"

हसू येतं खरं, पण त्याच शाळेतले मास्तर वर्षानुवर्षं बिनपगारी सही करत होते. सुटीत कोणी केळीच्या गाड्या भरायला जाई, कोणी रात्री मेडिकलवर बसे. स्थळ बघायला आलेली मंडळी पगार विचारत नसत, "कितव्या टप्प्यावर आहे?" असं विचारत. जुलै २०२५ मध्ये हेच शिक्षक वाढीव टप्प्यासाठी आझाद मैदानात भर पावसात बसले. तिथे जाऊन आश्वासन देणाऱ्यांत मंत्री गिरीश महाजन होते, आमच्याच जामनेरचे आमदार.

सरकारी शाळांच्या बाजूलाही सरकारने हात आखडता घेतलाच. सप्टेंबर २०२३ च्या दत्तक योजनेत ग्रामीण भागातली सरकारी शाळा पाच वर्षं दत्तक घ्यायला ५० लाखांची मदत पुरेशी होती. ती वस्तू-सेवांच्या रूपात द्यायची आणि बदल्यात शाळेला देणगीदाराचं नाव. फेब्रुवारी २०२४ मध्ये शिक्षण हक्काचे नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळांना २५ टक्के राखीव प्रवेशांतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द ठरवला. त्याच वर्षीच्या मार्चमधल्या संच मान्यतेच्या निर्णयाने सहावी ते आठवीत २० पेक्षा कमी पोरं असलेल्या शाळांची शिक्षकपदं धोक्यात आणली. पुन्हा पटच.

याला छेद देणारं काम धुळ्यात झालं. अमेरिकेत नोकरी करणारे धुळ्याचे हर्षल विभांडिक गावोगाव संध्याकाळच्या सभा घेत. डिजिटल वर्गासाठी आधी गावाने वर्गणी काढायची, मग काही वाटा ते घालणार, अशी अट. जिल्हा परिषदेच्या अकराशेहून अधिक शाळांपर्यंत हे काम पोहोचलं. पडद्यावर धडा दिसला म्हणून पोरगं हुशार होतं असं नाही. पण वर्गणी दिलेला माणूस शाळेत डोकावतो आणि "आमच्या पोराला काय येतं?" असं विचारतो.

अमेरिकेत मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये चार्टर शाळांचा कायदा केला. तिथे सरकारी पैसा पोरामागे जातो आणि करारातलं शिक्षण दिलं नाही तर शाळेची सनद जाऊ शकते. तिथेही भांडणं आहेत, सरकारी शाळा ओस पडतात ही तक्रार आहे. ती पद्धत जशीच्या तशी इथे आणा असं मी म्हणत नाही. ठरलेलं शिक्षण दिलं का, हा त्या करारातला प्रश्न मात्र आपल्याकडे आणण्यासारखा आहे. अनुदान जिल्हा परिषदेला द्या, संस्थेला द्या, दोघांनाही द्या, पण संच मान्यतेत डोकी मोजता तशी त्याच शाळेतल्या पोरांना वाचता येतं का हेही तपासा, आणि निकाल गावाच्या ग्रामसभेत वाचून दाखवा. मग सायकलीचा भाव विचारणारा पालक दुसरा भाव विचारू लागेल, आणि आमच्या सरांना मे महिन्यात वणवण करावी लागणार नाही.