तंजावर : पाण्याने आखलेले शहर

एखाद्या जुन्या शहराचा नकाशा तुम्ही कधी बारकाईने पाहिला आहे काय? कापलेल्या झाडाच्या बुंध्यावर जशी वाढीची वर्तुळे दिसतात, तशीच वाढीची चिन्हे शहराच्या नकाशातही दिसतात. ती कशी वाचावयाची हे मात्र ठाऊक असले पाहिजे. आज आपण तमिळनाडूतील तंजावर शहराचा नकाशा वाचू या.

तंजावरचे नाव मराठी माणसाला परके नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तेथे भोसल्यांची गादी स्थापन केली आणि ती १८५५ पर्यंत टिकली. पण आपली गोष्ट त्याच्याही आठशेहून अधिक वर्षे आधी सुरू होते.

नकाशा समोर घेतला की तीन भाग ठळकपणे नजरेत भरतात. नैर्ऋत्येला एक लहान चौकोनी किल्ला आहे. त्यात बृहदीश्वराचे मंदिर आणि शिवगंगा तळे आहे. त्याला लागून ईशान्येस दुसरा, बराच मोठा किल्ला होता. त्यात राजवाडा आणि जुनी पेठ आहे. तिसरा भाग तटाबाहेरचा. रेल्वे स्टेशनकडे आणि त्याच्याही पुढे दूरवर पसरलेली ही नवी वस्ती. हे तीन भाग निरनिराळ्या काळांत का आणि कसे वाढले?

जागा हीच का?

तंजावर कावेरीच्या काठी वसलेले नाही. कावेरी तेथून दहा-बारा किलोमीटर उत्तरेला, तिरुवैयारूजवळून वाहते. शहराच्या उत्तरेस व पूर्वेस कावेरीच्या फाट्यांनी आणलेल्या गाळाची सपाट, सुपीक जमीन आहे. भाताचे कोठार म्हणून ती प्रसिद्ध आहे. नैर्ऋत्येला मात्र वल्लम गावाच्या बाजूने जमीन किंचित उंच आणि मुरमाड होत जाते. या दोन प्रकारच्या जमिनी जेथे मिळतात, नेमके तेथे तंजावर वसले आहे.

याचे दोन फायदे झाले. एका बाजूस धान्य पिकविणारी जमीन मिळाली. दुसऱ्या बाजूस उंचावरून येणारे पावसाचे पाणी अडविण्याची सोय झाली. आणि हे पाणी अडविणे आवश्यकच होते. आपल्याकडे मुख्य पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, तर तंजावरला तो मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्येकडून येणाऱ्या वाऱ्यांबरोबर येतो. तीन महिन्यांच्या पावसावर वर्षभर तहान भागवायची, तर पाणी साठविण्यावाचून गत्यंतर नाही. तंजावरच्या नगररचनेची गुरुकिल्ली येथेच आहे.

देवळाभोवतीचे शहर

नवव्या शतकाच्या मध्यास विजयालय चोळ याने तंजावर जिंकून तेथे आपली राजधानी केली. त्याच्या वंशातील पहिल्या राजराजाने बृहदीश्वराचे मंदिर बांधविले. ते इ. स. १०१० मध्ये पूर्ण झाले. सारे मंदिर ग्रॅनाइटचे. पण गाळाच्या प्रदेशात ग्रॅनाइट कोठून मिळणार? तो सुमारे पन्नास किलोमीटरवरील तिरुचिरापल्लीच्या बाजूने आणावा लागला.

गाभाऱ्यावरील शिखराला तेथे विमान म्हणतात. हे विमान ६० मीटरांहून अधिक उंच आहे आणि त्याचा पाया सुमारे ३० मीटर लांबी-रुंदीचा चौरस आहे. वर निमुळते होत जाणाऱ्या आकारामुळे बहुतेक भार तळाशी राहतो. याची सावली जमिनीवर पडतच नाही, असे पुष्कळांकडून ऐकावयास मिळते. हे खरे की खोटे, ते तुम्हीच गणिताने ठरवा. सूर्य क्षितिजापासून ४५ अंश वर असेल, तर ६० मीटर उंचीच्या टोकाची सावली पायाच्या मध्यापासून ६० मीटर अंतरावर पडेल. पायाची कड मध्यापासून अवघ्या १५ मीटरांवर आहे. म्हणजे समोरच्या अंगणात तब्बल ४५ मीटर लांब सावली पडली पाहिजे, आणि ती पडतेच! मध्यान्ही सूर्य डोक्यावर आला म्हणजे मात्र ती विमानाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या अंगावरच राहते. दंतकथेचा उगम बहुधा येथेच असावा.

मंदिराच्या भिंतींवर कोरलेले लेख म्हणजे त्या वेळच्या शहराची जणू नोंदवहीच आहे. देवळात सेवा करणाऱ्या ४०० नर्तकींची नावे त्यांत आहेत. प्रत्येकीला दरसाल १०० कलम भात ठरवून दिलेले होते; कलम हे धान्याचे जुने माप. एवढेच नव्हे, तर कोणत्या रस्त्याच्या कोणत्या ओळीतील कितवे घर कोणाला दिले, हेही लिहिलेले आहे. हजार वर्षांपूर्वी घरांना क्रमांक! रस्ते आधी आखून मग घरे वाटली गेली, हे त्यावरून उघड होते. मोठ्या बाजारपेठांचे उल्लेखही या लेखांत येतात, आणि शहराचा आतला भाग व बाहेरचा भाग असा भेदही त्यांत केलेला आढळतो. देवळासाठी माणसे लागली, माणसांसाठी घरे लागली, घरांसाठी बाजार लागला. शहर वाढले ते असे.

पुढे राजराजाचा मुलगा राजेंद्र याने राजधानी गंगैकोंडचोळपुरम येथे हलविली. तेराव्या शतकाच्या आरंभी पांड्य राजाने तंजावर जाळले. देऊळ राहिले, पण राजधानीचे वैभव गेले.

तट, खंदक आणि तळी

सोळाव्या शतकात विजयनगरच्या आधिपत्याखाली नायक राजे तंजावरला आले आणि शहराला दुसरा जन्म मिळाला. दोन्ही किल्ल्यांचे तट आणि त्यांभोवतीचे खंदक त्यांच्या काळातले. मोठ्या किल्ल्यात राजवाडा उभा राहिला. त्याच्या चार दिशांना चार रुंद राजरस्ते आखले गेले. त्यांना आजही पूर्व, दक्षिण, पश्चिम आणि उत्तर मुख्य रस्ता अशीच नावे आहेत. देवाचा रथ याच रस्त्यांवरून फिरे. मुख्य रस्ते रथासाठी रुंद आणि त्यांना फुटणाऱ्या गल्ल्या अगदी अरुंद, अशी ही रचना आहे. अरुंद गल्लीत भिंतींची सावली दिवसाचा बराच वेळ राहते आणि दक्षिणेतील कडक ऊन सुसह्य होते.

आता खरा प्रश्न असा, की तटाच्या आत दाटीने राहणाऱ्या इतक्या लोकांना पाणी कोठून मिळे? विशेषतः शत्रूने वेढा घातला आणि दरवाजे बंद करावे लागले तर?

पहिला नायक राजा सेवप्पा याच्या नावाने ओळखला जाणारा एक तलाव शहराच्या पश्चिमेस आहे. उंचावरून येणारे पावसाचे पाणी प्रथम या तलावात साठे. तेथे गाळ खाली बसला की वरचे निवळलेले पाणी शिवगंगा तळ्यात येई. तेथे ते आणखी निवळे. मग जमिनीखालून घातलेल्या भाजलेल्या मातीच्या नळांतून ते राजवाड्यातील विहिरींकडे जाई. या योजनेला जलसूत्र असे सुंदर नाव होते. पंप नव्हता, इंजिन नव्हते. उंचावरच्या तलावातून कमी उंचीच्या तळ्याकडे आणि तेथून आणखी सखल विहिरीकडे पाणी आपोआप येई. काम करीत होते ते केवळ गुरुत्वाकर्षण!

यातील निवळण्याची क्रिया तुम्ही घरीच करून पाहा. पेलाभर पाण्यात चमचाभर माती ढवळून ते स्थिर ठेवा. वाळूचे कण काही सेकंदांतच तळाशी जातील. बारीक मातीला मात्र कित्येक तास लागतील. दुसऱ्या दिवशी पेला न हलवता वरचे पाणी हलकेच दुसऱ्या पेल्यात ओता आणि ते पुन्हा तसेच ठेवा. दुसऱ्या पेल्याच्या तळाशीही थोडा गाळ दिसेल. तलावानंतर तळे कशासाठी, याचे उत्तर तुम्हाला मिळाले. (हे पाणी पिऊ नका. निवळलेले पाणी स्वच्छ दिसते, पण त्यात रोगजंतू असू शकतात.)

खंदकाचेही असेच. तो शत्रूसाठी खणला हे खरे, पण त्यात साठलेले पाणी हळूहळू जमिनीत मुरते आणि आसपासच्या विहिरींची पातळी टिकवून धरते. एकाच खड्ड्याकडून संरक्षण आणि पाणीपुरवठा, अशी दोन कामे होत.

मराठ्यांची राजधानी

व्यंकोजीराजे आले तेव्हा तट, रस्ते आणि तळी तयारच होती. मराठ्यांनी शहराचा आराखडा मोडला नाही. राजवाडा वाढविला आणि तेथील विद्येची परंपरा समृद्ध केली. सरफोजीराजांच्या काळात सरस्वती महाल ग्रंथालयाची मोठी भरभराट झाली. त्यांनीच १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. तमिळ देशातील चोळांच्या देवळात हा लांबलचक मराठी शिलालेख आजही पाहावयास मिळतो.

पण त्याआधीच, १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता. राजाच्या हाती उरला तो फक्त किल्ला आणि त्याच्या लगतचा परिसर. १८५५ मध्ये तोही गेला. तटाचे प्रयोजन संपले.

तटाबाहेर

१८६१ मध्ये नागपट्टणमहून तंजावरला रेल्वे आली. रेल्वेला मोकळी, सपाट जागा लागते. ती किल्ल्याच्या दक्षिणेस मिळाली. मग गोदामे, कचेऱ्या, खानावळी आणि घरे त्या दिशेने सरकू लागली. ज्या शहराचे तोंड इतकी शतके राजवाड्याकडे होते, ते आता स्टेशनकडे वळले. पुढे कावेरीवर मेत्तूरचे धरण झाले आणि १९३४ मध्ये एक मोठा नवा कालवा मंदिराजवळूनच, शहराच्या मधून वाहू लागला. मात्र तो काढला होता दूरच्या शेतीसाठी. स्वातंत्र्यानंतर वैद्यकीय महाविद्यालय झाले, १९८१ मध्ये तमिळ विद्यापीठ स्थापन झाले, आणि वस्ती दक्षिणेस व पश्चिमेस पसरत गेली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख २३ हजार भरली. २०१४ मध्ये तेथे महानगरपालिका झाली.

या वाढीत एक गोष्ट मात्र निसटली. पूर्वी आधी पाण्याची वाट आखली जाई आणि मग घर उभे राही. आता घर आधी आले. घरोघर नळ आल्यावर जलसूत्राची आठवण कोणाला राहणार? पाणी येण्याचे मार्ग बुजले, तळी कोरडी पडली, खंदकाच्या काही भागांत भराव पडून वस्ती झाली. ज्यांनी तेथे घरे बांधली, ती बहुतेक साधी, गरजू माणसे होती. खंदक पुन्हा मोकळा करावयाचा तर त्यांनी जायचे कोठे, हाही प्रश्न तितकाच खरा आहे. शहराची एक चूक दुरुस्त करताना दुसरा अन्याय होऊ नये, याची काळजी घ्यावीच लागते.

तरीही आशेला जागा आहे. अलीकडच्या वर्षांत अय्यनकुळम, सामंतनकुळम अशा जुन्या तळ्यांची दुरुस्ती हाती घेतली गेली. माती काढताना पाणी आणणारे जुने भूमिगत मार्ग सापडले. ते मोकळे करून कोरड्या तळ्यांत पुन्हा पाणी आणण्यात आले. इतक्या काळानंतरही उतार तोच होता, आणि गुरुत्वाकर्षणही तेच!

मित्रहो, बृहदीश्वराचे मंदिर जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्याची निगा राखली जाते. पण बुजलेला नळ कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. उंच विमान दुरून दिसते. ज्या पाण्यावर शहर जगले, ते मात्र जमिनीखाली असते.

तंजावर तुमच्यापासून दूर असेल, पण तुमचे गाव तर जवळ आहे ना? या सुट्टीत एक काम करा. गावातील सर्वांत जुनी विहीर, तळे किंवा बारव शोधा. तिच्यात पाणी कोणत्या बाजूने येत असे, ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्या वाटेवर आज काय उभे आहे ते पाहा आणि वहीत नकाशा काढा. शिक्षकांच्या मदतीने वर्गातील सर्वांचे नकाशे एकत्र जोडा. तुमचे गाव कसे वाढले आणि वाढताना काय विसरले, हे तो नकाशाच तुम्हाला सांगेल.