बोट टेकले, पण निवडले काय?

मोबाइलवरच्या यादीत एखाद्या नावावर बोट टेकताक्षणी ते नाव उघडत नाही. बोट उचलले की उघडते. मधल्या वेळात फोनला एक निवाडा करायचा असतो. बोट नाव निवडायला आले आहे, की यादी सरकवायला? सुरुवात दोन्हींची सारखीच असते. अँड्रॉइडमध्ये यासाठी एक हद्द आखलेली आहे. टेकल्या जागेपासून बोट 8 डीपीपेक्षा (डीपी हे पडद्यावरच्या मापाचे एकक), म्हणजे जेमतेम सव्वा मिलिमीटरपेक्षा जास्त हलले, की यादी सरकू लागते आणि त्या ओळीला ‘रद्द’ असा निरोप जातो. बोट न हलता सुमारे अर्धा सेकंद तिथेच राहिले, तर तो दीर्घ दाब ठरतो. बऱ्याच अ‍ॅपमध्ये त्यानंतर टॅपचा अर्थच बदलतो: नाव उघडण्याऐवजी त्यापुढे बरोबरची खूण होते.

खरी गोम पुढे आहे. हजार नावांसाठी फोन हजार ओळी तयार करत नाही, ते परवडणारेही नाही. पडद्यावर मावतील तेवढ्या आणि वर थोड्या जास्तीच्या, एवढ्यावर काम भागते. वरून दिसेनाशी झालेली ओळ नवे नाव घेऊन खालून पुन्हा येते. एसटीतले आसन तेच, प्रवासी तेवढा बदलतो. त्यामुळे निवडीची खूण ओळीवरच ठेवली, तर ‘अनिल’ निवडून खाली गेल्यावर ‘मंगेश’ही निवडलेला दिसतो! नवशिक्या प्रोग्रामरच्या हातून हमखास होणारी ही चूक. खूण मूळ माहितीत, त्या नोंदीच्या कायम ओळखक्रमांकापाशी ठेवायची आणि ओळ दर वेळी तिथून वाचून रंगवायची, हा त्यावरचा उपाय.

क्रमावर भिस्त ठेवणेही तितकेच धोक्याचे. ‘तिसरी नोंद’ म्हणून निवड लक्षात ठेवली आणि तेवढ्यात वर नवा संदेश आला, तर तिसऱ्या जागी भलताच संदेश असतो, आणि डिलीट तोच होतो. चुकीचा टॅप टाळण्यासाठी गुगल दाबायची जागा किमान 48 डीपी आणि अ‍ॅपल 44 पॉइंट ठेवायला सांगते, पण मोठ्या ओळीने ही क्रमाची चूक टळत नाही.

नवे अ‍ॅप पारखायचे असेल, तर पहिले नाव निवडून यादी बरीच खाली सरकवून पाहावी. न निवडलेल्या नावापुढे खूण दिसली, तर त्या अ‍ॅपमधून एकगठ्ठा काही डिलीट न केलेले बरे.