मिठाच्या बरणीतले आयोडीन

काही दिवसांपूर्वी आमच्या घरात दोन आठवडे आयोडीनचे मीठ बंद होते. पत्नीच्या थायरॉईडची गाठ कर्करोगाची निघाली. शस्त्रक्रिया झाली आणि मागे राहिलेल्या पेशी मारण्यासाठी किरणोत्सारी आयोडीन द्यायचे ठरले. थायरॉईडच्या पेशींना आयोडीनची फार ओढ. त्यांना आधी उपाशी ठेवायचे, मग औषधातले आयोडीन त्या अधाशासारख्या ओढून घेतात. मला हे जरा निर्दय वाटले. पत्नीला नाही वाटले.

औषध घेतल्यावर काही दिवस तिला वेगळ्या खोलीत ठेवले. घरी आल्यावरही लहान नातीपासून दूर राहायचे होते. डॉक्टर म्हणाले, या आयोडीनचे अर्धायुष्य 8 दिवस. मी बी.ए. झालेला माणूस, हिशेब केला, 8 दिवसांत निम्मे गेले, पुढच्या 8 दिवसांत उरलेले निम्मे. सोळाव्या दिवशी दादीजवळ जा, असे नातीला सांगूनही टाकले.

हिशेब चुकला होता. सोळाव्या दिवशी पाव उरते, चोविसाव्या दिवशी दोन आणे. ऐंशी दिवसांनी सुमारे हजारावा भाग. कारण अणूला म्हातारपण नसते. आज तयार झालेला अणू आणि ऐंशी दिवस टिकलेला अणू, दोघांचीही उद्या फुटण्याची शक्यता अगदी सारखी. कोणता फुटेल हे कोणीच सांगू शकत नाही. कोट्यवधींतले किती फुटतील, एवढे मात्र बिनचूक सांगता येते. सुदैवाने शरीर बरेचसे आयोडीन लघवीवाटे आधीच बाहेर टाकते, म्हणून माणसाला ऐंशी दिवस थांबावे लागत नाही.

मिठातल्या आयोडीनच्या अणुगर्भात 53 प्रोटॉन आणि 74 न्यूट्रॉन असतात. तो शांत असतो. औषधातल्या अणूत 4 न्यूट्रॉन जास्त, तेवढ्याने तो अस्वस्थ. एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतो, वेगाने इलेक्ट्रॉन बाहेर पडतो आणि आयोडीनचा झेनॉन वायू बनतो. तो इलेक्ट्रॉन जेमतेम एक-दोन मिलिमीटर जातो. तेवढ्यात पेशी मरते. सोबतचे गॅमा किरण मात्र शरीराबाहेर येतात. नातीला दूर ठेवायचे ते त्यांच्यामुळे.

हे आयोडीन आपल्याकडे मुंबईत ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत बनवले जाते. टेल्युरियम नावाच्या मूलद्रव्यावर न्यूट्रॉनचा मारा करतात. अणुगर्भ एक न्यूट्रॉन गिळतो, मग क्षय होऊन 52 प्रोटॉनचे 53 होतात. टेल्युरियमचे आयोडीन झाले! किमयागार शतकानुशतके भट्ट्या फुंकत बसले, त्यांना हवे होते ते हेच. त्यांची भट्टी तेवढी अपुरी पडली.

मिठातले आयोडीन कुठून आले? ताऱ्यांच्या पोटात हलके अणुगर्भ जुळून जड होतात, पण लोखंडापाशी ते थांबते. पुढे जुळवण्यात ऊर्जा मिळत नाही, उलट खर्ची पडते. त्यापुढची बहुतेक मूलद्रव्ये ट्रॉम्बेच्याच रीतीने, न्यूट्रॉन गिळून बनली. आयोडीनला त्यांचा महापूर लागतो. दोन न्यूट्रॉन तारे आदळले की असा पूर येतो. अशा एका टकरीच्या गुरुत्वलहरी 17 ऑगस्ट 2017 रोजी टिपल्या गेल्या. त्या लहरी टिपणाऱ्या भारतातल्या वेधशाळेला केंद्राने 2023 साली मंजुरी दिली, ती आपल्या मराठवाड्यातच, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी पत्नीच्या गळ्याजवळ यंत्र धरले, आकडा पाहिला आणि मान हलवली. त्या संध्याकाळी नात दादीच्या मांडीवरून उठायला तयार नव्हती. वरणात मीठ मलाच घालावे लागले, जुन्याच बरणीतले. जरा जास्त पडले.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)