परदेशी खेळाडूंची नावे नीट घ्या



अलिबागजवळचे थळ आपल्या सर्वांच्या परिचयाचे. भाताला घालतो तो युरिया तेथील खत कारखान्यात तयार होतो. परंतु परप्रांतातला माणूस हे नाव इंग्रजी अक्षरांत वाचतो आणि ‘थाल’ म्हणून मोकळा होतो. आपल्याला ते खटकते. इंग्रजीत ‘ळ’ नाही, म्हणून गावाचे नाव थोडेच बदलते?

खेळाडूंचीही हीच गत होते. बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे याने 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्यपदक मिळविले. त्याच्या आडनावाची इंग्रजी अक्षरे पाहून कोणी ‘साबले’ म्हणतो, तर कोणी ‘सेबल’.

आता आपल्याकडे पाहू. घरातली मुले टीव्हीवर, मोबाईलवर भालाफेक आणि मॅरेथॉन आवडीने पाहतात. परंतु परदेशी खेळाडूंची नावे आपणही इंग्रजी पद्धतीनेच वाचतो. पुढील गोष्टी ध्यानात ठेवल्यास ही चूक टळेल.

जर्मन भाषेत ‘जे’ या अक्षराचा उच्चार ‘य’ होतो. मे 2025 मध्ये दोहा येथे नीरज चोप्राने 90.23 मीटर भाला फेकला, पण 91.06 मीटर फेकून जर्मन खेळाडू पहिला आला. तो ‘ज्युलियन’ नव्हे, यूलियान वेबर.

चेक भाषेतही ‘जे’चा ‘य’ होतो, आणि ‘सीएच’चा ‘ख’. टोकियो येथे 2021 साली नीरजच्या खालोखाल रौप्यपदक मिळविणारा चेक खेळाडू म्हणजे याकुब वादलेय्ख. ‘जेकब वॅडलेच’ नव्हे. 1996 साली 98.48 मीटरचा जागतिक विक्रम करणारे, पुढे नीरजला शिकविणारे झेलेझ्नी हे ‘जॅन’ नसून यान.

केनियाचा मॅरेथॉनवीर किपचोगे याला ‘किपचोज’ म्हणू नये. ‘साबळे’प्रमाणे त्याच्याही नावाच्या शेवटी ‘ए’ उच्चारायचा असतो.

आपली देवनागरी येथे फार उपयोगी पडते. खेळाडू मुलाखतीत स्वतःचे नाव सांगतो, ते मुलांनी ऐकावे आणि वहीत मराठीत लिहून ठेवावे. हुबेहूब परदेशी धाटणी साधण्याची गरज नाही.

आपल्या किनाऱ्यावर गावोगावी कबड्डीचे सामने भरतात. भरल्या मैदानात ध्वनिक्षेपकावरून आपल्या मुलीचे आडनाव वेडेवाकडे पुकारले गेले, तर लोक हसतात आणि पोर हिरमुसते. म्हणून प्रवेशअर्जावर नाव मराठीतही लिहावे व सामन्यापूर्वी निवेदकाला म्हणून दाखवावे. पाहुण्या संघातील मुलामुलींची नावेही अगोदर विचारून घ्यावीत. विचारण्यात कमीपणा नाही. घाम गाळणाऱ्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणे, एवढा मान आपण प्रत्येक खेळाडूला देऊ शकतो.