आतड्याचा दाह आणि घरातील माणसे

शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच आतड्यावर उलटावी आणि तेथे दीर्घकालीन दाह उत्पन्न व्हावा, अशा विकारांपैकी एकाचे वर्णन १९३२ साली न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग व ओपनहायमर या डॉक्टरांनी प्रसिद्ध केले. तोच ‘क्रोन’चा विकार, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरावर व्रण पाडणारा ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ हा त्याचा भाऊबंद. हे विकार संसर्गाने जडत नाहीत. जडले म्हणजे मात्र बहुधा जन्माची सोबत करतात.

आपल्याकडे रोग्याची परवड निदानापासूनच सुरू होते. शौचावाटे रक्त पडते म्हणून मूळव्याधीचे उपचार चालतात. पुढे, क्रोन आणि आतड्याचा क्षय यांची लक्षणे विलक्षण सारखी असल्यामुळे, कित्येकांना आधी क्षयाची औषधे घेऊन गुण येतो की नाही हे पाहावे लागते. एवढ्या वणवणीनंतर घरी आलेल्या माणसाला “बाहेरचे खाल्लेस म्हणून झाले” किंवा “फार विचार करतोस” असे ऐकावे लागणे हे मला अत्यंत क्रूरपणाचे वाटते, कारण त्यात दुखण्याबरोबर दोषारोपही त्याच्या माथी येतो.

आपले प्रेम पानावरच्या आग्रहातून बोलते, आणि नेमका तोच आग्रह येथे जाच होतो. एकाला दूध सोसते, दुसऱ्याला सोसत नाही. दाह उसळला असता जी कोशिंबीर पोटात कळा आणते, तीच तो निवळल्यावर सुखाने पचते. म्हणून काय वाढावे हे रोग्याला विचारावे, त्याने नको म्हटल्यावर कारणांची कैफियत मागू नये, आणि सणाच्या पंक्तीत कोणी आग्रह धरल्यास घरच्यांनीच तो परतवावा. थकवा रक्तक्षयाने व दाहाने येतो. झोप काढून तो जाईलच असे नाही, तेव्हा त्यास आळस समजू नये.

घरच्यांची खरी गरज, माझ्या मते, दुखणे शमलेल्या काळात अधिक असते. प्रकृती सुधारली की गोळ्या परस्पर बंद होतात आणि दाह पुन्हा डोके वर काढतो. स्टेरॉइड तर एकाएकी सोडणे धोक्याचे. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकेही डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून देऊ नयेत. ताप, सतत रक्तस्राव वा पोट फुगून येणे दिसताच, मग अपरात्र का असेना, रुग्णालय गाठावे.

प्रवासाला निघताना शौचाची सोय कोठे आहे याची चौकशी आपण होऊन करावी, पिशवीत कपड्यांचा जादा जोड ठेवावा, आणि लग्नघरी रोगी मध्येच उठून गेला तर त्याच्या मागे हाका मारू नयेत.