बोअर, दट्ट्या आणि ‘सीसी’ : मोटारसायकलच्या एंजिनाचा व्यास वाढविण्याविषयी

मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या गॅरेजांत ‘बोअर करणे’ हे क्रियापद दोन अगदी भिन्न क्रियांसाठी योजले जाते. झिजून वेडेवाकडे झालेले सिलिंडरचे पोट कातून पुन्हा गोल करणे ही एक. आणि एंजिनाचे बळ वाढावे म्हणून तेच पोट मुद्दाम रुंद करून त्यात मोठा पिस्टन बसविणे ही दुसरी. यंत्र तेच, कारागीर तोच. हेतू आणि परिणाम मात्र सर्वस्वी वेगळे. शब्द एकच असल्यामुळे पहिल्या क्रियेची निर्धोकता दुसरीलाही आपोआप चिकटते, आणि वाहनधारकाची फसगत पुष्कळदा येथूनच सुरू होते.

पिस्टनला मराठीत ‘दट्ट्या’ हा नेमका शब्द आहे. नळीत दाटून बसणारा आणि तरीही सरकणारा, असा दुहेरी भाव त्यात सहज येतो. पाठ्यपुस्तकांनी तो स्वीकारला, गॅरेजाने स्वीकारला नाही. तेथे पिस्टन, रिंगा, ब्लॉक, हेड आणि ‘गजन पिन’ हीच भाषा चालते. तथापि पिस्टन हा शब्दही वाटतो तितका परका नाही. इटालियन भाषेतून आलेल्या या शब्दाच्या मुळाशी कुटणे, कांडणे या अर्थाचा लॅटिन धातू आहे, आणि तो संस्कृत ‘पिष्’ धातूचा सहोदर होय. म्हणजे ‘पिष्ट’ या शब्दापासून झालेले मराठी पीठ आणि एंजिनातील पिस्टन ही दूरची भावंडेच ठरतात.

सर्वांत अधिक घोटाळा होतो तो ‘सीसी’ या शब्दाने. ‘गाडी किती सीसीची?’ या प्रश्नात विचारणाऱ्याला शक्ती अभिप्रेत असते. उत्तरात मिळते ते मात्र घनफळ. पिस्टन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना जेवढी जागा व्यापतो, तिचे हे घन सेंटिमीटरांतील माप. सिलिंडरचा आतील व्यास म्हणजे बोअर, पिस्टनच्या एका धावेची लांबी म्हणजे स्ट्रोक. व्यासाच्या वर्गाला धावेने आणि ०.७८५४ ने गुणले की घनफळ निघते. मद्रासजवळील तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात तयार होत असलेल्या जुन्या, ओतीव लोखंडी सिलिंडरच्या एन्फील्ड बुलेटचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. तिच्या ३५० च्या एंजिनाचा व्यास ७० मिलिमीटर आणि धाव ९० मिलिमीटर, घनफळ ३४६. पाचशेच्या एंजिनाची धाव तीच ९०, व्यास मात्र ८४, घनफळ ४९९. दोहोंत अंतर पडते ते १४ मिलिमीटर व्यासाचे. व्यासाचा वर्ग होत असल्यामुळे व्यासातील वीस टक्क्यांच्या वाढीने घनफळ चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढते. ‘साडेतीनशेची पाचशे करून देतो’ हे आश्वासन इतके सोपे का वाटते, हे यावरून ध्यानात यावे.

आता दुरुस्तीचे बोअर पाहावे. सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाही. वरच्या टोकाशी, जेथे रिंगा क्षणभर थांबून दिशा बदलतात आणि तेलाचा थर पातळ होतो, तेथे झीज सर्वाधिक होते. शिवाय पिस्टन ज्या बाजूंवर रेलतो त्या अधिक झिजल्याने पोट लंबगोल होते. ते कातून गोल केले की थोडे मोठे होणारच. म्हणून निर्माते थोडे मोठे पिस्टन पुरवितात. जपानी धाटणीच्या एंजिनांत ही वाढ ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटर अशा पायऱ्यांनी होते. ब्रिटिश परंपरेत ती इंचाच्या सहस्रांशांत मोजतात. सत्तर मिलिमीटरचे पोट अर्ध्या मिलिमीटरने वाढले तर घनफळ ३४६ वरून ३५१ होते. ही पाच घन सेंटिमीटरांची भर चालकाला जाणवतही नाही. जाणवते ते निराळेच : रिंगा पुन्हा नीट टेकल्यामुळे परत आलेला जोर. पुष्कळांना मोठ्या पिस्टनचा गुण म्हणून जो वाटतो, तो वस्तुतः नव्या रिंगांचा गुण असतो.

येथे कारागिराची खरी कसोटी लागते. ॲल्युमिनियम तापल्यावर ओतीव लोखंडाच्या सुमारे दुप्पट फुगते. सत्तर मिलिमीटरचा ॲल्युमिनियमी पिस्टन शंभर अंश सेल्सिअसने तापला तर त्याचा व्यास सुमारे ०.१५ मिलिमीटरने वाढतो. लोखंडी सिलिंडर तेवढाच तापला तरी त्याच्या निम्म्यानेच वाढतो, आणि प्रत्यक्षात तो पिस्टनपेक्षा थंडच राहतो. यास्तव थंड स्थितीत दोहोंमध्ये मोजून अंतर ठेवावे लागते. अंतर कमी पडले तर पिस्टन चालत्या गाडीत धरतो, मागचे चाक जागीच अडते आणि क्लच ओढण्यास क्षणाचाही उशीर झाला तर चालक रस्त्यावर फेकला जातो. गॅरेजात याला ‘सीझ होणे’ म्हणतात. म्हणून आधी पिस्टन हाती घ्यावा, त्याचे माप सूक्ष्ममापकाने घ्यावे आणि मग त्या मापाला सिलिंडर कातावा. डब्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबून आधीच कातून ठेवणे हा आळस महागात पडतो.

वाढीसाठी केलेल्या बोअरला एवढ्याने भागत नाही. सिलिंडरच्या भिंतीत मर्यादित धातू असतो. ७० चे ८४ करावयाचे तर जुना ब्लॉक कातून चालत नाही, दुसरा ब्लॉक आणि त्याला जुळणारे हेड घ्यावे लागते. नव्या ब्लॉकचा खालचा घेर आत शिरावा म्हणून क्रँककेसचे तोंडही रुंद करावे लागते. एकदा कातलेले ते तोंड पुन्हा पूर्ववत होत नाही. हेड जुनेच ठेवून केवळ व्यास वाढविला तर आणखी एक अडचण उभी राहते. समजा, मूळ संपीडन गुणोत्तर ७ आहे; म्हणजे ३४६ च्या एंजिनात वर उरणारी जागा सुमारे ५८ घन सेंटिमीटर. त्याच जागेत आता ४९९ चे मिश्रण दाबले, तर गुणोत्तर साडेनऊच्या पुढे जाते. जुन्या रचनेच्या हवेने थंड होणाऱ्या एंजिनात अशा दाबाने मिश्रण अवेळी भडकण्याचा आणि पिस्टनचा माथा वितळण्याचा संभव असतो.

पिस्टनच्या माथ्याचे क्षेत्रफळ चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढले की तेवढ्याच दाबाखाली कनेक्टिंग रॉडवर आणि त्याच्या खालच्या बेअरिंगवर येणारा जोरही त्याच प्रमाणात वाढतो. पिस्टन जड झाला तर क्रँकचा तोल बिघडतो आणि हादरे सांध्यासांध्यांतून जाणवू लागतात. कार्ब्युरेटरचे जेट जुनेच राहिले तर मिश्रणाचे प्रमाण पुन्हा जुळवावे लागते. क्लच घसरू लागतो. ब्रेक मात्र होते तेवढेच राहतात. ‘किट’ या छोट्या शब्दात पिस्टन, रिंगा, पिन आणि तिच्या दोन कड्या एवढेच येते. ही उरलेली यादी त्यात येत नाही.

कारखान्यानेही हाच मार्ग अवलंबिलेला आहे. रॉयल एन्फील्डने २०१३ साली बाजारात आणलेल्या काँटिनेंटल जीटीमध्ये धाव ९० च ठेवून व्यास ८४ वरून ८७ केला. घनफळ ४९९ चे ५३५ झाले. शक्ती २७.२ वरून २९.१ अश्वशक्तीवर गेली. घनफळ सात टक्क्यांनी वाढले, शक्तीही जवळजवळ तितकीच. सारी साधनसामग्री हाताशी असलेल्या निर्मात्याच्या पदरात जेथे सातास सात एवढेच पडते, तेथे किटच्या विक्रेत्याने सांगितलेले चमत्कार कितपत खरे मानावे, हे वाचकाने ठरवावे.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरविलेल्या तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हे तत्त्व स्पष्ट केले. घनफळ हा त्या प्रमाणपत्रावरील एक रकाना आहे. दुरुस्तीच्या बोअरमध्ये निर्मात्यानेच पुरविलेले माप वापरले जाते. साडेतीनशेच्या नावावर नोंदलेली पाचशेची गाडी मात्र कागदावर एक आणि रस्त्यावर दुसरीच असते, आणि अपघातानंतर विमा कंपनीकडे दावा गेला की हा भेद कोणीतरी शोधून काढतोच.